पालीचं शेपूट आणि शाहिराचा डफ

"काय सोडलंस, केरबा?"

छाटी देण्याआधी मठातले नाथबाबा एवढं एकच विचारत. नवी कोरी भगवी छाटी त्यांच्या मांडीवर घडी घालून ठेवलेली होती. शाहीर केरबा ढमाले या एका सवालासाठी तीन वर्षं मठाचं पाणी भरत होता. आज छाटी मिळाली तर मठ आपला, नाहीतर परत गावची वाट.

"डफ सोडला, बाबा! वडलांच्या हातातला. काल धुनीत टाकला. उभ्या पंचक्रोशीत तसा डफ..."

"हं."

"...तसा डफ नव्हता! आणि टाकताना डोळ्यांत टिपूससुद्धा आलं नाही."

तेवढ्यात चुलीमागून मठाच्या मांजरीनं झेप घेतली. भिंतीवरची पाल पंजाखाली आलीच होती, पण तुटलं ते शेपूट. ते जमिनीवर पडून असं काही वळवळू लागलं, की मांजर त्यालाच चापट्या मारत बसली. पाल केव्हाच आढ्याला पोचली.

बाबांनी सत्तरी ओलांडलेली, पण पोरासारख्या टाळ्या पिटत उठले. "बघ, बघ! कशी सुटली! आणि ही बया बसली शेपूट राखत!"

केरबाही उठून नाचायचा तेवढा राहिला. "पण तिला ते परत फुटतं का हो?"

"न फुटायला काय झालं? ही माझ्या ओळखीची आहे. मागच्या सालीही तुटलं होतं. नवं आलं ते जरा आखूड, मातकट, आत हाडाचा पत्ता नाही. पण आलं. मागं वळून ती बघते कुठं? आपसूक वाढतं."

केरबाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"कळलं, बाबा! मी पाल! डफ म्हणजे माझं शेपूट! मोहाची मांजर बसलीय धुनीपाशी राख उकरत, आणि मी सुटलो!"

त्याचा ऊर आनंदानं भरून आला. तीन वर्षं पाणी वाहून जे सुचलं नव्हतं, ते एका पालीनं सुचवलं होतं.

"वा!" बाबा म्हणाले, आणि छाटीची घडी उलगडू लागले.

आता मात्र केरबाला राहवेना. त्यानं रिकामा हंडा पुढ्यात ओढला. बोटं त्यावर कधी पडली, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"ऐका ऐका हो सज्जन,
डफ धुनीत केला दहन,
त्याग केरबाचा गहन,
जी जी रं जी...

"बाबा, पोवाड्याचे चार चौक रचतो! यंदाच्या जत्रेत म्हणतो! असा त्याग उभ्या पंचक्रोशीत..."

बाबांचे हात थांबले.

त्यांनी छाटीची पुन्हा घडी घातली. ती खुंटीवर ठेवली. मग हलक्या पावलांनी केरबाच्या मागं गेले, त्याचा सदरा वर केला आणि वाकून कमरेखाली निरखू लागले...

"काय बघताय, बाबा?" केरबाची बोटं अजून हंड्यावरच होती.

"किती वाढलंय ते."