श्रीखंडानंतरचं व्याख्यान

शिकवावं कसं, हे प्राध्यापकांना शिकवायला मोठे तज्ज्ञ डॉ. हळबे कॉलेजात आले आणि सकाळीच गरजले, "वर्गात पोरं झोपली, तर दोष पोरांचा नाही, शिकवणाऱ्याचा." सगळ्यांनी निमूट माना डोलावल्या. बढतीला त्यांच्याच सहीचं प्रमाणपत्र लागणार होतं.

दुपारी श्रीखंड-पुरी झाली आणि डॉक्टर पुन्हा सुरू झाले. थोड्याच वेळात भूगोलाच्या इंगोलेबाई पहिल्या रांगेत चक्क घोरू लागल्या.

"बाई, झोपणाऱ्यांना प्रमाणपत्र मिळणार नाही," डॉक्टर कडाडले.

बाई डोळे चोळत उठल्या. "माझं खुशाल अडवा, सर. पण सकाळच्या नियमानं दोष तुमचा ठरतो. मग तुमचं प्रमाणपत्र कुणी अडवायचं?"

डॉक्टरांनी पेन काढलं. पहिली सही बाईंच्या प्रमाणपत्रावर झाली आणि चहा बराच लवकर आला.