पेटीतली नवी सुरी

“नवी सून अगदीच फिकी हो,” कागदी मुकुट काचेच्या मोत्यांच्या माळेला कुजबुजला. “आपल्यासारखं तेज नाही.”

फार जुनी गोष्ट. नाटकमंडळींच्या पेटीत कापराच्या वासात सारे पेंगत होते. लाकडी सुरी मोडली म्हणून बाजारातून आणलेली लोखंडी सुरी कोपऱ्यात पडून ऐकत होती.

“चालेल,” माळ म्हणाली. “शेवटच्या अंकात राणीच्या छातीतच तर शिरायचंय. बेगड चिकटवू, म्हणजे खरी वाटेल.”

बाहेर नांदी सुरू झाली. धुपाचा धूर पेटीत तरंगत आला. माळेने पुढे सरकवलेली बेगड सुरीला टेकताच अलगद चिरली.

तेव्हा सुरी हळूच म्हणाली, “मामंजी, तुम्ही सारे खोटे, म्हणून राणी रोज मरते आणि घरी जाऊन जेवते. मला धार आहे. आज मला पेटीतच राहू द्या.”