लिंबाजीचे चार हजार तास

बोरखेडीत लिंबाजी नावाचा एक ट्रॅक्टरवाला होता. फार भोळा. सांगितलेलं सगळं ऐकायचा, आणि सांगितलं तेवढंच ऐकायचा. ट्रॅक्टर सावलीत लाव म्हटलं, की सावली सरकेल तसा दिवसभर ट्रॅक्टर सरकवत बसायचा. बाकी ट्रॅक्टर चालवावा तर त्यानंच. भरलेली ट्रॉली सुईत दोरा ओवावा तशी मागं घ्यायचा.

त्याला शेषरावांची सुगंधा आवडायची. सुगंधालाही तो आवडायचा. त्याच्याकडे बघून ती जेवढी हसायची, तेवढी दुसऱ्या कुणाकडे बघून हसली नव्हती. एक दिवस लिंबाजी धीर करून शेषरावांच्या ओट्यावर गेला आणि मागणी घातली. शेषरावांनी त्याला फेट्यापासून टाचेपर्यंत पाहिलं.

"विमान चालवायला लागलास की ये," ते म्हणाले.

नाही म्हणायची ती त्यांची रीत होती. लिंबाजीला वाटलं, चला, एवढंच काम राहिलं.

जिल्ह्याच्या गावी विमानतळ होता. तिथं एका कंपनीची वैमानिकांची भरती चालली होती. माणसं निवडायचं काम कॅप्टन रेगेबाईंकडे होतं. वीस वर्षं विमान चालवलेली बाई, आवाज कधी चढायचा नाही. रांगेतल्या सगळ्यांच्या हातात उड्डाणाच्या नोंदींच्या जाड वह्या होत्या. लिंबाजीच्या हातात पिशवी होती.

बाईंनी विचारलं, पंधराशे तास झालेत का, त्याखाली आम्ही कुणाला घेत नाही. लिंबाजीनं पिशवीतून ट्रॅक्टरचं मीटर काढून टेबलावर ठेवलं. इंजिन किती तास चाललं ते त्यावर दिसतं. पान्ह्यानं खोलून आणलं होतं.

"चार हजार दोनशे दहा," तो म्हणाला. "वरचे तुम्हाला राहू द्या."

बाईंनी मीटर उलटंसुलटं करून पाहिलं. मग शांतपणे समजावलं, की जमिनीवर काढलेले तास इथं धरत नाहीत. जमीन सुटली, की मगच मोजायला सुरुवात. शिवाय डॉक्टरांचा दाखला लागतो तो वेगळाच.

एवढं आधी सांगायचं ना, असं म्हणून लिंबाजी डॉक्टरांकडे गेला. मीटर टेबलावरच राहिलं.

डॉक्टरांनी वजनकाट्यावर उभं राहायला सांगितलं. काटा जमिनीवर होता. लिंबाजी काट्यावर चढला, खिडकीचा वरचा गज धरला आणि दोन्ही पाय पोटाशी घेतले. डॉक्टरांनी काटा पाहिला. शून्य. चष्मा पुसून पाहिला. शून्य. मग त्यांनी वर पाहिलं.

खाली उतरवून डॉक्टरांनी त्याला चांगलंच सुनावलं. तपासायला बसलं, की माकडचेष्टा करायच्या नाहीत. डोळे मिटायचे, जीभ बाहेर काढायची आणि आ करायचा.

"कुणीही तपासायला बसलं तरी?" लिंबाजीनं विचारलं.

"कुणीही."

दुसऱ्या दिवशी लिंबाजी पुन्हा रेगेबाईंच्या समोर. बाजूला दोन साहेब. आता आला आहे तर याला जरा तपासून बघू, असं बाई त्या दोघांना म्हणाल्या. लिंबाजीनं लगेच डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढली.

"विमानातलं काय येतं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"आ."

"वैमानिक कशासाठी व्हायचंय?"

"आऽऽ."

एका साहेबांनी टेबलावरून वाकून त्याच्या घशात डोकावून पाहिलं. बाईंनी हसू आवरलं आणि त्याला डोळे उघडायला लावले. म्हणाल्या, वैमानिकाला बोलता आलं पाहिजे. समोरून काही सांगितलं, की आधी तेच जसंच्या तसं परत म्हणायचं, मग 'समजलं' म्हणायचं. त्यानं घोटाळे होत नाहीत.

हे लिंबाजीला फार पटलं. तो गावी आला. शेषराव ओट्यावरच होते.

"काय रे, झालास का वैमानिक?"

"काय रे, झालास का वैमानिक. समजलं."

"माझी टिंगल करतोस?"

"माझी टिंगल करतोस. समजलं."

घरात सुगंधा तोंडाला पदर लावून हसत होती. पण शेषराव उठून उभे राहिले आणि म्हणाले, पुन्हा या ओट्याला पाय लावू नकोस. लिंबाजीनं तेही जसंच्या तसं म्हटलं. 'समजलं'ही म्हणाला. आणि या वेळी त्याला ते खरंच समजलं. घरात सुगंधाचं हसू थांबलं.

दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मीटर आणायला म्हणून विमानतळावर गेला. तिथं गोंधळ चालला होता. विमान माणसांनी भरलेलं, आणि ते मागं ढकलणारा ट्रॅक्टर नुसताच उभा. चालवणारा तापानं पडला होता. रेगेबाईंना टेबलावरचं मीटर आठवलं. त्यांनी लिंबाजीला ट्रॅक्टरवर बसवलं. लिंबाजीनं ते एवढं मोठं विमान असं मागं घेतलं, की आतल्या एका म्हाताऱ्याच्या हातातला चहा हललासुद्धा नाही. त्याच दिवशी त्याला नोकरी लागली. मीटरवरचे चार हजार दोनशे दहा तास सगळेच्या सगळे धरले गेले.

बातमी गावात पोचली. शेषरावांना पटेना, ते स्वतः बघायला आले. कुंपणाच्या जाळीतून त्यांनी पाहिलं, तर लिंबाजी पुढं बसलेला, आणि तो नेईल तिकडं विमान मुकाट्यानं जात होतं. शेषराव शब्दाचे पक्के. घरी जाऊन त्यांनी तिथी काढली.

रजेवर निघताना लिंबाजीनं रेगेबाईंना विचारलं, की पंधराशे तास तर पुष्कळांचे होतात, मग त्यातला नेमका माणूस तुम्ही कसा निवडता. बाई म्हणाल्या, तो उतरतो कसा ते बघते.

"खाली आल्यावर समोरचं दिसलं नाही, तर उतरायचं नाही. वर जायचं, फेरी मारून परत यायचं. दोनदा जमलं नाही, तर हट्ट सोडायचा आणि जवळ दुसरीकडे उतरायचं."

लिंबाजीनं ते लक्षात ठेवलं.

लग्नाच्या दिवशी तो घोडीवरून आला, हातात हार घेऊन पाटावर उभा राहिला आणि समोर पाहिलं. समोर अंतरपाट. मंगलाष्टकं चालू झाली, पण सुगंधा काही दिसेना. लिंबाजी पाटावरून उतरला, घोडीवर चढला आणि मांडवाला फेरी मारून परत आला. वाजंत्र्यांना वाटलं, यांच्याकडची चाल असेल. तेही मागून वाजवत फिरले. परत येऊन पाहिलं, तर भटजींनी अंतरपाट तसाच धरून ठेवलेला. दुसरी फेरी. परत तेच. शेषराव हात जोडून पाटावर थांब म्हणत होते, पण दोनदा झालं होतं. लिंबाजीनं घोडी शेजारच्या पिंपरी गावाच्या रस्त्याला लावली. वाजंत्रीही गेली.

सुगंधाशी त्याचं लग्न पुढच्या मुहूर्तावर झालं, आणि अंतरपाट तिनं धरूच दिला नाही, ते सगळं नंतरचं. त्या दिवशी पिंपरीतही एक लग्न होतं. लिंबाजी मांडवात शिरला, तेव्हा तिथला अंतरपाट नुकताच खाली झाला होता. हा घुसला तो नवरीच्या बाजूनं, तिच्या पुढ्यात. समोर सगळं लख्ख दिसत होतं. फेटा, मुंडावळ्या, झुपकेदार मिशा. समोरचं दिसलं पाहिजे, एवढंच बाई म्हणाल्या होत्या. कोण दिसलं पाहिजे, ते म्हणाल्या नव्हत्या. लिंबाजीनं हातातला हार पिंपरीच्या नवरदेवाच्या गळ्यात घातला. नवरदेव गडबडला आणि त्यानं आपला हार लिंबाजीच्या गळ्यात घातला. दोन्ही गावांची वाजंत्री एकदम वाजली, आणि अख्ख्या मांडवानं टाळ्या वाजवून अक्षता टाकल्या, कारण हार पडले की अक्षता टाकायच्या, असं त्यांनाही कुणीतरी सांगून ठेवलं होतं.