फ्रीजरमधली नानकटाई

कृष्णाकाठच्या एका लहानशा शहरात श्रीपादराव नावाचे चित्रकलेचे निवृत्त मास्तर राहत होते. त्यांची पत्नी इंदुमती नानकटाई फार सुरेख करी. तोंडात टाकताच ती विरघळून जाई आणि वेलदोड्याचा वास तेवढा मागे राही.

तरुणपणी इंदुमती आणि शेजारच्या हलीमाभाभी दिवाळी जवळ आली की तूप, मैदा, पिठीसाखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जात. आपल्या नंबराची वाट पाहत तिथेच गप्पा मारत बसत. संध्याकाळी दोघी कोमट डबे कडेवर घेऊन परतल्या की सगळ्या बोळाला वासानेच कळे. पुढे ती भट्टी बंद झाली. इंदुमतीने काचेच्या झाकणाचा गोल ओव्हन घेतला. घरात फ्रीज आल्यावर तिने एक सवय लावून घेतली. अर्ध्या पिठाची नानकटाई लगेच भाजायची आणि उरलेल्या पिठाचे गोळे डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवायचे.

"कुणी अवचित आलं, तर नुसता चहा द्यायचा का?" असे ती म्हणे. पाहुणा हातपाय धुऊन बसेपर्यंत तिने ओव्हन तापवलेला असे.

एका हिवाळ्यात इंदुमती अल्पशा आजाराने गेली. दिवसकार्य झाले, आलेली माणसे आपापल्या घरी परतली. एके दिवशी श्रीपादरावांना फ्रीजरमध्ये मागच्या बाजूला एक डबा सापडला. आत नानकटाईचे गोळे होते. प्रत्येक गोळा मधोमध इंदुमतीच्या अंगठ्याने दाबलेला. ते बराच वेळ पाहत उभे राहिले आणि मग त्यांनी डबा होता तिथे ठेवून दिला. त्या दिवसापासून रोज एकदा तरी ते फ्रीजर उघडून बघत.

उन्हाळ्यात मुलगी माहेरी आली. तिचे नाव वैजयंती. तिच्या नजरेस तो डबा पडला.

"बाबा, आईच्या हातचं शेवटचं आहे हे. आज भाजू या. सगळे मिळून खाऊ."

"मग मागे काय राहील, वैजू?"

"आणि असंच ठेवून काय राहणार आहे?"

श्रीपादरावांनी फ्रीजरचे दार लावून घेतले. वैजयंती ठरल्यापेक्षा लवकर सासरी गेली.

आषाढात हलीमाभाभींनी अंथरूण धरले. त्यांच्या तोंडाची चवच गेली होती. सून जे पुढे ठेवी ते तसेच परत जाई. श्रीपादराव भेटायला गेले.

"भाऊ," हलीमाभाभी हळूच म्हणाल्या, "सगळं मातीसारखं लागतंय. इंदूची नानकटाई असती, तर चहात बुडवून एखादी खाल्ली असती."

"हो ना," असे म्हणून श्रीपादराव खाली बघत बसले. डबा आहे, हे त्यांच्या ओठांवर आले होते, पण बाहेर पडले नाही.

घरी येऊन ते जेवायला बसले. पण भरल्या ताटावरून उठून त्यांनी डबा बाहेर काढला. बर्फ खरवडून गोळे उजेडात धरले, तेव्हा त्यांना धक्का बसला. वरचा थर पांढरट, कोरडा पडला होता. त्याला फ्रीजरचा कुबट वास येत होता. अंगठ्याच्या खुणाही बुजत आल्या होत्या. इतके महिने ते नुसती राखण करत होते, आणि राखता राखता जे राखायचे तेच हातातून जात होते.

त्यांनी सुरीने वरचा थर तासून काढला. आतले पीठ अजून चांगले होते, तुपाचा वास टिकून होता. ते मऊ झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हातांनी नवे, वेडेवाकडे गोळे वळले. पहिला घाणा खालून करपला. दुसरा बरा उतरला. तो डब्यात घालून ते गरम गरम शेजारी घेऊन गेले.

हलीमाभाभींनी एक नानकटाई चहात बुडवली आणि सावकाश खाल्ली. मग दुसरीला हात घातला. सून दारात उभी राहून बघत होती.

"ही इंदूचीच," त्या म्हणाल्या. "भाऊ, एक सांगू? भट्टीवरून परत येताना आम्ही वाटेतच इतकी खायचो, की घर येईपर्यंत डबा चार बोटं रिकामा व्हायचा. मग इंदू तुम्हाला सांगायची, करपलेली भट्टीवाल्यानं काढून टाकली."

"आणि मी त्या भट्टीवाल्याला वर्षानुवर्षं नावं ठेवली," श्रीपादराव म्हणाले, आणि इंदुमती गेल्यापासून पहिल्यांदाच खळखळून हसले. लग्नाला इतकी वर्षे होऊनही आपल्या बायकोची ही गंमत त्यांना ठाऊक नव्हती. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. हलीमाभाभी आणखी काही काही सांगत राहिल्या, आणि तो दिवस कसा सरला ते कुणालाच कळले नाही.

उरलेली नानकटाई घेऊन श्रीपादराव दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने वैजयंतीकडे गेले.

तात्पर्य: गेलेल्या माणसाने चार जणांसाठी केलेले आपण एकट्याने कोंडून ठेवले, तर ते आपल्याही हाती राहत नाही; वाटून टाकले, तर ते माणूस नव्याने भेटते.