सगुणेच्या कड्यावरची हाक

कुसरवाडीच्या डोक्यावरचं पठार जिथे संपतं, तिथून दरीत उतरणाऱ्या काळ्या कड्याला सगुणेचा कडा म्हणतात. काठावरून वाकून पाहिलं तर थोडं खाली एक अरुंद टप्पा दिसतो, त्यावर अंजनीचं एक झुडूप आहे. माणूस जेमतेम टेकेल एवढीच ती जागा. पाहुण्यांनी पाहावं, पण बेतानं. इथलं गवत थंडीत वाळलं की पायाखालून सटकतं, आणि शहरातल्या बुटांनाही ते जुमानत नाही.

फार पूर्वी वाडीत धावजी नावाचा शिकारी होता. थंडी मोडता मोडता भेकरं माजावर आली की हा अंजनीचं कोवळं पान ओठांत धरून मादीचा आवाज काढायचा. एरवी माणसाच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा नर मग आंधळ्यासारखा त्याच्या ठासणीच्या बंदुकीसमोर यायचा. असा आवाज दुसऱ्या कुणाला जमला नाही म्हणे. धावजीला त्याचा गर्व होता, आणि तो लपवण्याची त्याला गरजही वाटत नसे.

त्याची बायको सगुणा. कान तिखट, पण जन्मापासून मुकी. धावजीचा तिच्यावर भारी जीव. ही रानात एकटी लाकडाला जाते, काही झालं तर हाक कशी मारणार, म्हणून त्याने तिला पान वाजवायला शिकवलं. शिकवलं ते मात्र तेच, मादीचं बोलणं. त्याची आई चुलीपुढून म्हणाली, "आरं, मानसाच्या तोंडात जनावराची हाक कशापायी घालतो? तिला दुसरं कायतरी शिकव की."

"आये, माझ्या बायकूचा आवाज मला नाय कळायचा व्हय?" धावजी हसला. "हजारांत वळखीन."

सगुणाही हसली.

गावदेवीच्या जत्रेला पहिली शिकार धावजीची, हा त्याचा जुना मान. त्या वर्षी जत्रा तोंडावर आली तरी हाती काही लागलं नव्हतं. पारावर चेष्टा सुरू झाली होती आणि ती त्याच्या फार जिव्हारी लागली. एका दुपारी तो पठारावर करवंदीच्या जाळीआड दबा धरून बसला. पान ओठांना लावणार, तोच कड्याच्या बाजूने मादीची हाक आली.

धावजी जागच्या जागी थिजला. खरी मादी बोलू लागली की शिकाऱ्याने हलायचं नाही, खोकायचं नाही, आपलं पान वाजवायचं नाही. नर तिच्याकडे येणारच. हाक थांबत होती, पुन्हा येत होती. उन्हं उतरली तशी ती घाईची झाली. माजावरची मादी अशीच घायकुतीला येते, असं त्याच्या मनात आलं आणि तो खूश झाला. पुढे हेच आठवून तो भिंतीवर डोकं आपटायचा, असं सांगतात.

शेवटी नर आला. कड्याच्या काठाशी उभा राहिला आणि मान घालून खाली दरीत पाहू लागला. मादी कड्यात कशी, हा प्रश्न धावजीला पडायला हवा होता. पडला नाही. त्याने बार काढला आणि नर तिथेच कोसळला.

बाराचा आवाज विरायच्या आत हाक पुन्हा आली.

बंदुकीच्या आवाजानंतर कोणतीही मादी जागेवर थांबत नाही. धावजीच्या हातून बंदूक गळाली. "आलो गं! आलो!" असं ओरडत तो धावत सुटला. मोळीला आलेली सगुणा गवतावरून घसरून टप्प्यावर पडली होती, आणि सबंध दुपार ती अंजनीच्या झुडपाला धरून पान वाजवत होती. तो काठावर पोचला तेव्हा टप्पा रिकामा होता. झुडपाची एक फांदी मोडून लोंबत होती. त्याचं 'आलो' तिला ऐकू गेलं की नाही, हे कुणालाच कळलं नाही.

तो नर कुणी उचलला नाही. त्या वर्षी जत्रेची चूल पेटली नाही. धावजी मात्र जगला, फार वर्षं जगला. दर माजाच्या दिवसांत हाक आली की हातातला घास टाकून "आलो गं" म्हणत कड्याकडे पळायचा. लोक म्हणत, डोकं फिरलंय. तो गेला त्या थंडीत हाक आली आणि कुणीच उत्तर दिलं नाही. हाक येतच राहिली. वाडीत कुणाच्या घशाखाली घास उतरेना. अखेर एक म्हातारी दारात येऊन ओरडली, "आरं, कुनीतरी ओ द्या की रं तिला!" तेव्हा पारावर धावजीची चेष्टा करणाऱ्यांतलाच एक जण उठला आणि काठी टेकत कड्याकडे निघाला.

आजही माजाच्या दिवसांत कुसरवाडीत भेकराची हाक आली की ज्याच्या कानी पडेल तो हातचं काम टाकतो. पुरुष असेल तर "आलो गं", बाई असेल तर "आले गं", अशी मोठ्याने ओ देतो आणि काठापर्यंत जाऊन खाली पाहून येतो. त्या आवाजाने जनावर बुजून पळतं, बाहेरचे शिकारी शिव्या घालत परततात. टप्प्यावर कधी कुणी नसतं. तरी पाहायला जावंच लागतं.