झुंबरशेठची मान

संगमनेरच्या झुंबरशेठचा तोरा असा, की टीव्हीतलं कळतं ते जगात त्याला एकट्याला. इंदूताई लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंसाठी टीव्ही बघायला आल्या, तर त्यानं दुकानातला सगळ्यात स्वस्त टीव्ही त्यांच्या गळ्यात मारायला काढला. त्यावर क्रिकेटचा सामना लावून म्हणाला, "महागड्या टीव्हीत काय सोनं असतं? तुम्हाला त्यातलं काय कळणार, ताई! डोळे झाकून न्या."

तोंडानं हा टीव्ही विकत होता, पण फलंदाजानं फटका मारला की मान वळायची शेजारच्या महागड्या टीव्हीकडे. तिथंही तोच सामना चालू होता.

"मला खरंच काही कळत नाही, शेठ," इंदूताई उठत म्हणाल्या. "पण चेंडू कुठे गेला ते बघायला तुम्हाला सारखी तिकडे मान वळवावी लागते. आमच्या सासूबाईंना मान वळवता येत नाही हो."