नाताळच्या संध्याकाळचं सातवं ताट

फार पूर्वी, जिथे हिवाळ्यात दुपार कलली की लगेच दिवे लावावे लागत, अशा एका डोंगरी गावात एक खाऊनपिऊन सुखी घर होतं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी काय करायचं, हे देशोदेशी वेगळं असतं. कुठे घरातल्या केरसुण्या लपवून ठेवतात, नाहीतर चेटकिणी त्यांच्यावर बसून उडून जातील म्हणून. कुठे आधी गोठ्यातल्या गाईला घास देतात. कुठे गेलेल्या माणसांसाठी ताटं वाढून ठेवतात. या गावाची रीत मोजण्याची होती.

पहिली चांदणी दिसली की घरातली मोठी बाई टेबलाभोवतीची माणसं मोजायची. आकडा सम हवा. विषम आला, तर पुढच्या नाताळापर्यंत त्यातलं एक माणूस जातं, अशी समजूत होती. मग पापुद्र्यासारखी पातळ पोळी हातोहात फिरायची, प्रत्येकजण एकेक तुकडा मोडून घ्यायचा आणि मग जेवण. पाळण्यातलं मूल मोजत नसत. पोळीचा तुकडा ज्याला स्वतःच्या हातात धरता येई, तो मोजला जाई.

आकडा विषम आला तर काय करायचं, हेही ठरलेलं होतं. दार उघडायचं आणि गावात जो एकटा असेल त्याला हाताला धरून जेवायला आणायचं. ज्याने कुणी ही रीत घातली, त्याच्या मनात बहुधा एवढंच असणार. मरणाची भीती त्याने नुसती पुढे केली. भीतीने माणसं जितकी चटकन दार उघडतात, तितकी मायेने उघडत नाहीत, हे त्याला माहीत असावं.

त्या घरात बरीच वर्षं सहा माणसं होती. सासू, सासरे, थोरला मुलगा, थोरली सून, धाकटा मुलगा आणि सासऱ्यांची विधवा थोरली बहीण, जिला मुलं आत्या म्हणत. थोरलीचं बाळ अजून पाळण्यात होतं. त्या वर्षी धाकट्याचं लग्न झालं आणि डोंगरापलीकडून धाकटी सून घरात आली. ती फारसं बोलत नसे. त्यामुळे ती घराला आवडली होती.

चांदणी उगवली. सासूने मोजलं, थांबली, पुन्हा मोजलं.

"सात!"

"आई, धाकटीला धरलंस का?" थोरल्याने विचारलं.

"तिला धरलं म्हणून तर सात झाले ना!"

धाकटीने खाली पाहिलं. आपण आल्याने घरात भर पडली, असं कुणीतरी म्हणावं, हे नव्या सुनेला वाटत असतंच. पण ते या शब्दांत म्हणावं, हे तिला अपेक्षित नव्हतं.

"मग आणा कुणाला तरी," सासरे म्हणाले. "ओढ्यापलीकडची म्हातारी एकटीच असते."

"ती? तिच्या बकरीने आपला सगळा कोबी खाल्ला होता."

"अगं, ती बकरी मरून नऊ वर्षं झाली."

"म्हणून कोबी परत आला का?"

सासरे सारात चमचा फिरवत बसले.

धाकटी हळूच म्हणाली, "आमच्याकडे एक ताट जास्तच मांडतात. कुणी आलं तर असावं म्हणून."

"आमच्याकडे म्हणजे कुठे गं?" थोरली हसून म्हणाली. "आता तुझं 'आमच्याकडे' म्हणजे हेच घर."

बाहेर बर्फ पडत होता, सार गार होत होतं आणि सगळ्यांना भूक लागली होती. सासूची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत टेबलाच्या टोकाला जाऊन थांबली.

"वन्सं, आज तुम्ही चुलीपाशी बसता का? तिथे ऊब आहे. तुमच्या गुडघ्यांनाही बरं पडेल."

आत्या तेव्हा मेणबत्ती लावत होती. भाऊ पाच वर्षांचा असताना त्यांची आई वारली, तेव्हापासून या संध्याकाळची मेणबत्ती तीच लावत आली होती. तिने भावाकडे पाहिलं. भाऊ साराकडे पाहत होता.

"सहा हवेत ना? बरं," आत्या म्हणाली. तिने हातातली काडी फुंकून विझवली, आपलं ताट उचललं आणि आत गेली.

धाकटीला उठावंसं वाटलं. 'मी नवी आहे, मी बसते आत,' एवढंच म्हणायचं होतं. पण तिला वाटलं, घरातलंच कुणीतरी बोलेल. घरातल्या प्रत्येकाला तेच वाटलं.

पोळी फिरली. सहा तुकडे झाले. जेवण छान झालं, असं सगळे दोनदोनदा म्हणाले.

शेवटी सासूने धाकटीच्या हाती खसखशीच्या वड्या दिल्या. "जा, आत्यांना देऊन ये."

चुलीपाशी कुणी नव्हतं. ताट तसंच होतं, मासा अख्खा. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं आणि ताज्या बर्फात पावलं उमटली होती, ओढ्यावरच्या लाकडी पुलापर्यंत आणि पुढे. पलीकडच्या खिडकीत दिवा होता. दोन म्हाताऱ्या समोरासमोर बसून जेवत होत्या.

धाकटी परत आली.

"जेवल्या का?" सासूने विचारलं.

"जेवताहेत."

"बघा, म्हटलं नव्हतं? तिथे त्यांना बरंच वाटणार."

सकाळी खरं कळलं, तेव्हा सासरे ओढ्यापलीकडे गेले.

"ताई, घरी चल. ते फक्त कालच्यापुरतं होतं."

"हो रे बाबा. आणि मलाही कळायला कालची एकच संध्याकाळ लागली." आत्या दारातूनच बोलली. "तुमच्याकडे मी उठले की आकडा जुळतो. हिच्याकडे मी बसले की जुळतो. आता तूच सांग, मी कुठे राहू?"

सासऱ्यांनी हातातल्या टोपीवरचा बर्फ झटकला. मग टोपी घालून घरी आले.

हिवाळा संपता संपता आत्या ओढ्यापलीकडेच वारली. खोकल्याचं निमित्त झालं. दफनाला सगळे गेले. परतताना कुणीतरी दबक्या आवाजात त्या संध्याकाळच्या आकड्याचा विषय काढला. तेव्हा सासू म्हणाली, "त्या आपल्या टेबलावर नव्हत्याच. ते आपल्याकडे धरायचं नाही."

घर पूर्वीसारखंच चाललं. फक्त जेवताना कुणी पाठ टेकून बसेनासं झालं. प्रत्येकजण खुर्चीच्या कडेवर बसायचा आणि घाईने जेवून उठायचा. ते का, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

पुढचा नाताळ आला. थोरलीचं बाळ आता बापाशेजारी उंच खुर्चीत बसलं होतं. मोजण्याआधी पारखायला दिलेला पोळीचा तुकडा त्याने मुठीत घट्ट धरला आणि सगळ्यांकडे पाहून हसलं. एरवी अशा वेळी घर टाळ्या वाजवतं.

सासूने मोजलं. सात.

"धाकटे," ती घाईने म्हणाली, "पळत जा आणि ओढ्यापलीकडच्या म्हातारीला बोलाव. म्हणावं, कोबीचं मी केव्हाच विसरले."

धाकटी गेली. म्हातारीने दार उघडलं, पण उंबऱ्यातून बाजूला झाली नाही.

"एकट्याच आहात ना? जेवायला चला," धाकटी म्हणाली.

"मी एकटी आहे म्हणून बोलावताय, की तुमच्याकडे एक कमी पडतंय म्हणून?"

धाकटीला खोटं बोलता आलं नाही. "एक कमी पडतंय म्हणून."

"खरं बोललीस, बरं वाटलं. पण मी एकटी नाही." म्हातारीच्या मागे टेबलावर दोन ताटं वाढलेली होती. "आम्ही दोघी आहोत."

धाकटीने घरी येऊन सांगितलं, "त्या येत नाहीत."

सासूने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने ताटाकडे पाहिलं. तिने थोरल्याकडे पाहिलं, त्याने बाळाला जवळ घेतलं. थोरलीने बाळाचं तोंड पुसलं, ते स्वच्छच होतं. धाकट्याने बायकोचा हात टेबलाखाली धरून ठेवला. कुणी कुणाला 'तू ऊठ' म्हणालं नाही. सगळे नुसते वाट पाहत होते.

वाट आपलीच पाहताहेत, हे सासूला जरा उशिरा कळलं.

ती उठली. तिने आपलं ताट उचललं. स्वयंपाकघराच्या दारात ती थांबली, कुणीतरी 'बसा' म्हणेल एवढा वेळ. धाकटीच्या ओठांवर शब्द आलाही होता. पण घराची सवय एव्हाना तिलाही लागली होती.

दार लागल्याचा आवाज आला. थोरल्याने पोळी पुढे केली. सहा तुकडे झाले. आकडा बरोबर आला.

तात्पर्य सांगायचंच तर एवढं: ज्या पंगतीतून एकाला उठवता येतं, त्या पंगतीत कुणाचंच ताट पक्कं नसतं.